कयामत सर

साळवे सर वर्गात शिरण्याआधी चपला दाराबाहेर काढून ठेवत. देवळात शिरल्यासारखं नव्हे. देवळांशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. "भूगोल शिकवायचा तर पाय जमिनीला लागले पाह्यजेत," असं ते म्हणत आणि म्हणताना हसू आलं की तळहात तोंडावर धरत, कारण पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. तो कसा तुटला असं विचारलं की दर वेळी वेगळी गोष्ट सांगत. कधी बैलानं मान झटकली म्हणून, कधी लहानपणी हरभऱ्यातला खडा चावला म्हणून. खरं काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी झरवाडीच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो ते एक्क्याऐंशी साली. राजूरला गणपतीसमोर एस.टी.तून उतरायचं आणि पुढचा रस्ता पायी तुडवायचा, नाहीतर कुणाची बैलगाडी मिळते का बघायचं. पहिल्या दिवशी घामाघूम होऊन शाळेत पोचलो, तर ओसरीवर एक उंच, सावळा माणूस उभा. त्यानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी परतूरकडचा, असं सांगितलं.

"तिकडं विहिरीला पाणी किती हातावर हाये सध्या?"

मला सांगता येईना. माझ्या घरी नोकरीची माणसं, विहिरीशी संबंध आंघोळीपुरता.

"माहीत करून घ्या, मोरे सर," ते म्हणाले. "माणसाची तब्येत विचारण्याआधी हे विचारायचं. ह्याच्यावरून ती कळते."

हाच त्यांचा रामराम होता. नव्या गटशिक्षणाधिकाऱ्याला, लग्नातल्या व्याह्यांना, एस.टी.च्या कंडक्टरला, सगळ्यांना त्यांनी हा प्रश्न विचारलेला मी ऐकलाय. बसमध्ये ते डाव्या खिडकीशी बसत आणि राजूर ते जालना रस्ताभर शेतांकडं बघत पुटपुटत राहत. याची तूर गेली, त्याच्या विहिरीला अजून दम आहे, तो पलीकडचा बांध फुटलाय. शेजारचा प्रवासी पहिल्यांदा चमकायचा, मग तोही बघू लागायचा.

त्यांचे वडील निजामाच्या राज्यात अंबडच्या कचेरीत साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढत. दोरी ओढता ओढता कानावर पडलेलं उर्दू त्यांनी घरी आणलं, आणि सरांच्या बोलण्यात ते तसंच राहिलं. बिलकुल, बराबर, फिजूल, आणि सगळ्यात लाडका शब्द कयामत. सर फळ्यावर एका दमात महाराष्ट्र काढत, हात न उचलता. मग सह्याद्रीची जाड रेघ. "हा डोंगर पाऊस अडवून ठेवतो. पलीकडं सगळं ओलंगच्च. इकडं आपण. आपल्याला उरलंसुरलं. आता सांगा, पाऊस हटला तर काय जाईल?"

"ज्वारी!"

"ज्वारी गेली तर?"

"कडबा!"

"कडबा गेला तर?"

"बैल!"

"अन् बैल गेला तर?"

सगळा वर्ग खिडक्या हादरतील असा ओरडे, "कयामत!" शेजारच्या वर्गात माझी कविता तिथंच थांबायची. पोरांनी त्यांचं नावच कयामत सर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मी आल्यावर चार-पाच वर्षांनी पाऊस लागोपाठ हटला. गावची विहीर आटली, बौद्ध वस्तीची त्याआधीच आटली होती. सर वस्तीतच राहत. कौसल्यावहिनी, त्यांच्या पत्नी, पहाटे हंडा घेऊन निघायच्या त्या उन्हं वर आल्यावर परतायच्या. गावात एकाच विहिरीला पाणी होतं. ओढ्याकाठी, आबाराव पाटलांच्या मोसंबीच्या बागेत. आबारावांनी गावातल्या चार घरांना पाणी भरू दिलं होतं. वस्तीच्या बाया बांधाशी उभ्या राहत आणि कुणी घातलं तर घेत.

एक दिवस मधल्या सुट्टीत सर मला म्हणाले, "चला, आबारावांकडं जाऊन येऊ. तुम्ही फक्त बसा. परका माणूस समोर असला की गावातली माणसं जरा नीट बोलतात."

आबाराव बागेतच खाटेवर बसले होते. चहा आला. सरांनी बशीत ओतून प्यायला आणि एकदम म्हणाले, "आबाराव, विहीर गावाला द्या."

"देलीच हाये की मास्तर. भरूनच राह्यलेत."

"चार घरं म्हणजे गाव न्हाई. सगळ्यांना. वस्तीलाबी. अन् एका रांगेत."

आबारावांनी झाडांकडं बघितलं. लहान लहान हिरवी मोसंबी लागली होती. "माझी ना न्हाई," ते हळू म्हणाले. "पण घरातल्या बाया काय म्हणतील? अन् ही झाडं? माझ्या बापानं लावलेली हायेत."

"झाडांना निम्मं पाणी तोडा. आंबिया बहाराची फळं सोडून द्या औंदा. बहात्तरला तुम्ही अन् मी एकाच तलावावर माती वाह्यली, आठवते का? तुमच्या पाटीला माझा हात लागत होता. तेव्हा कुणी काही म्हणलं का?"

"तेव्हा गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती? तेव्हा दाणा नव्हता, पाणी होतं. दाणा सरकारनं कुठूनबी आणला, सुकडी आणली. आता दाणा मिळंल, पाणी कुठून आणंल सरकार? हे गाव टिकलं तर ह्या विहिरीवर टिकंल, न्हाई तर इथंच फुटंल. तुमच्या बांधावर."

उत्तर दिलं ते जिजाकाकूंनी, आबारावांच्या पत्नीनं. त्या चहाच्या कपबशा उचलायला आल्या होत्या आणि मागं उभ्या राहून ऐकत होत्या. कपबशा तशाच ठेवून त्या विहिरीकडं गेल्या. बांधाशी कौसल्यावहिनी आणि दोघी-तिघी उभ्या होत्या. जिजाकाकूंनी रहाटाचा दोर उचलला आणि कौसल्यावहिनींच्या हातात दिला. "उन्हात काय उभ्या राह्यल्यात? भरा," एवढंच म्हणाल्या, आणि पहिली घागर वर येईपर्यंत तिथंच थांबल्या. खाटेवरून आबाराव बघत होते. सरही बघत होते. आम्ही शाळेत परतलो तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि हेडसर दारात उभे होते. सर त्यांना म्हणाले, "उशीर झाला खरा. पण आज भूगोलाचाच तास घेऊन आलो."

त्या उन्हाळ्यात मारुतीच्या पारावर गाव बसलं आणि एक ठराव झाला. विहीर सगळ्यांची, रांग एक, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना कुणी बोअर घ्यायचा नाही. सही-शिक्का काही नाही, नुसता शब्द. तो शब्द कितीतरी वर्षं टिकला. पाऊस परत आला तरी टिकला. जिजाकाकू आणि कौसल्यावहिनी विहिरीवर एकमेकींसाठी थांबू लागल्या. संक्रांतीला वाण इकडून तिकडं जाऊ लागलं. गावातल्या काही म्हाताऱ्या नाक मुरडत, पण हळू मुरडत.

नव्वदच्या आगेमागे कधीतरी सरांच्या वाचनात आलं की पृथ्वीच तापत चालली आहे. कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत लेख होता. तो त्यांनी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवला. समुद्र वर येईल, मोठी शहरं बुडतील, असं काहीतरी होतं. आमचे हेडसर हसले. म्हणाले, "साळवे, आपल्याला काय त्याचं? समुद्र कुठं, आपण कुठं?"

"तेच म्हणून राह्यलो मी," सर म्हणाले. "त्यांना बुडायला पाणी तरी हाये. आपल्याला तेबी न्हाई. आपण कसे बुडणार सांगू? एक साल वाईट गेलं की माणूस शेजाऱ्याकडं जातो. दोन गेली तर दोघं मिळून पाटलाकडं जातात. पण दर दुसरं साल वाईट जायला लागलं, तर माणूस शेजाऱ्याकडं जाणार न्हाई, त्याच्या घागरीकडं पाह्यला लागंल. मी त्या दिवसाला भिऊन राह्यलो. पाऊस काय, येईल जाईल."

त्या वर्षापासून त्यांनी हे शिकवायला सुरुवात केली. अभ्यासक्रमात नव्हतं. एकदा तपासणीला आलेले साहेब नेमके त्याच तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. त्यांनी एका मुलीला उभं केलं आणि विचारलं, "पृथ्वी तापली तर काय होईल गं?" वस्तीतली मुलगी होती, चुणचुणीत. ती म्हणाली, "आमचा दादा जालन्याला जाईन." साहेब पोट धरून हसले. वर्गही हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बस बाळा. बराबर उत्तर हाये."

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की शिक्षक विषयांतर करतात. सरांनी तो शेरा आम्हाला कौतुकानं दाखवला.

मग आबाराव गेले. झोपेत गेले. साऱ्या गावानं खांदा दिला. वस्तीतल्या माणसांनीही दिला. सर तेराव्यापर्यंत रोज जाऊन ओसरीवर बसत. मला एकदा म्हणाले, "पारावरचा शब्द कागदावर नव्हता, मोरे सर. तो आबारावच्या तोंडाकडं पाहून राह्यला होता."

आबारावांचा मुलगा विलास. सरांचाच विद्यार्थी. गोरटेला, कष्टाळू, वडिलांसारखाच कमी बोलणारा. बाग त्यानं जिवापाड जपली. पण ती वर्षं विचित्र होती. पाऊस यायचा तो एका आठवड्यात कोसळून मोकळा व्हायचा, मग पिकं उभ्या उभ्या करपायची. उन्हाळा होळीआधीच सुरू व्हायचा. ओढा पूर्वी माघापर्यंत वाहायचा, तो दिवाळीलाच थांबू लागला. मोसंबीची फळं लहान असतानाच गळून झाडाखाली पडायची.

एका सकाळी शाळेत बातमी आली की विलासच्या बागेत बोअरची गाडी लागली आहे. सर तास अर्धा सोडून निघाले. मी मागोमाग गेलो. दक्षिणेकडच्या नंबरप्लेटची ती अवाढव्य गाडी ओढ्याच्या काठाला उभी होती. पाणाड्यानं दाखवलेल्या जागी चुन्याची फुली होती. सर चालत गेले आणि त्या फुलीवर मांडी घालून बसले.

गाडीवरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. विलास आला. त्यानं वाकून सरांच्या पायांना हात लावला.

"सर, उठा ना. शोभत न्हाई असं तुम्हाला."

"इलास, तुझ्या बापानं पारावर शब्द देल्ता."

"मला ठाऊक हाये. मी तिथंच होतो, बापाच्या मांडीशी. पण तुम्ही माझी झाडं पाह्यली का? झाड वाळतं तेव्हा आधी शेंडा जातो, हे तुम्हीच शिकवलं आम्हाला. जाऊन पाहा, शेंडे गेलेत. आजानं लावलेली बाग माह्या हातात मरून राह्यली."

"विहीर आटंल रे. बोअर खालून ओढून घेईन सगळं. गाव काय पिईन?"

विलास त्यांच्यासमोर उकिडवा बसला. आवाज चढवला नाही त्यानं. "सर, खालच्या अंगाला तुकारामनं मागच्या हप्त्यात बोअर घेतला. कळलं का तुम्हाला? गुपचूप घेतला. वरच्या अंगाला गाडी ठरलेली हाये, इसार देला त्यांनी. मी आज थांबलो तर पाणी थांबणार हाये का विहिरीत? ते दोघं घेऊन जातील. माझी बागबी जाईन अन् विहीरबी जाईन. सांगा सर. तुम्ही सांगा तसं करतो. थांबून पाणी राहणार हाये का?"

सर जमिनीवर हात टेकून उठले. पँटला मागं चुना लागला होता तो झटकलाही नाही.

"न्हाई राहणार," ते म्हणाले.

परत येताना आमच्या मागं गाडीचा आवाज सुरू झाला. ओढा ओलांडून वर आल्यावर सर थांबले. "खोटं बोलला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "भांडता आलं असतं. पोरगं बिलकुल खरं बोललं." दुपारी पाणी लागलं. चिखलाचा फवारा झाडांच्या वर गेला आणि सारं गाव बघायला धावलं. लोक हसत होते, भिजत होते, विलासनं पेढे वाटले. शाळेतही एक पुडा आला. सरांनी त्यातला एक घेतला, कागदात बांधून खिशात ठेवला. खाल्ला की नाही, माहीत नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत ओढ्याकाठी किती बोअर झाले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. विहीर हिवाळ्यातच तळ दाखवू लागली.

सर निवृत्त झाले ते नव्या शतकाच्या तोंडावर. शाळेनं शाल-नारळ दिला. भाषणात ते फक्त एवढंच म्हणाले की मी पोरांना भीती शिकवली, त्याबद्दल पोरांनी माफ करावं, माझं खोटं ठरावं अशी माझी फार इच्छा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग सलग वाईट वर्षं आली. गावाला टँकर लागला. टँकर राजूरच्या रस्त्यानं यायचा आणि त्याच ओढ्याकाठच्या कोरड्या विहिरीत पाणी सोडायचा. सोडलेलं पाणी उपसायला सगळं गाव विहिरीभोवती. रोज यायचा, मग दिवसाआड, मग कधीही. जसजसा टँकर लांबला, तसतशी रांग मोडली. गावातली काही तरणी पोरं काठावर उभी राहू लागली. "आधी गाव, मंग वस्ती," असं त्यांनी ठरवून टाकलं. ठराव नाही, पार नाही, काही नाही. वस्तीच्या बाया पुन्हा बांधाशी उभ्या राहिल्या. सर रोज तिथं जाऊन सांगत, "एक रांग करा, सगळ्यांना पुरंल." त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं, "हो सर, हो सर," म्हणत आणि ऐकत नसत.

चैत्रातली गोष्ट. बरेच दिवस टँकर आला नव्हता. आला तो भर उन्हात. पाणी विहिरीत पडल्याचा आवाज आला आणि बांधावरच्या बायाही त्या दिवशी थांबल्या नाहीत. दोन्हीकडून माणसं एकदम पुढं सरकली. आरडाओरडा, भांडी, दोर. कुणाचा धक्का कुणाला लागला हे कळण्याच्या पलीकडं होतं. कौसल्यावहिनी काठावरून खालच्या दगडी पायऱ्यांवर पडल्या. हंडा खाली गेला. त्यांचं मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं.

त्यांना जालन्याला नेलं ते विलासच्या टेम्पोनं. त्यानं स्वतः मागं गादी टाकली, स्वतः गाडी चालवली. जिजाकाकू वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सर पुढं खिडकीशी बसले होते. मी त्यांच्या शेजारी होतो. खिडकीबाहेर सारी शेतं उघडी पडली होती, आणि पहिल्यांदाच मी त्यांना शेतांकडं न बघता बसलेलं बघितलं.

वहिनी अंथरुणावरून उठल्या नाहीत. वस्तीतल्या घरी आणल्यावर दोन-अडीच महिन्यांत, आभाळ भरून येण्याआधीच गेल्या.

वस्तीतली मुलं चिडलेली होती, आणि का चिडू नयेत? सरांचा पुतण्या प्रकाश माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "काका, नावं सांगा. भोकरदनला जाऊ, केस करू. तुम्ही तिथंच उभे होते. कोणी ढकललं ते तुम्ही पाह्यलं."

"दोन रांगा कोणी केल्या त्यांची नावं देतो," सर म्हणाले. "ते पाप हाये. ते लिहून देतो, सही करतो, कुठंबी येतो."

"अन् काकूला ढकलणारा?"

घरात अजून औषधांचा वास होता. "सगळे हात पुढं होते रे," ते म्हणाले. "तुह्या काकूचाबी होता. तिनं एका बाईला कोपरानं सारलं अन् पुढं गेली. पाटलाच्या आळीतली म्हातारी होती ती. मी पाह्यलं. माही कौसल्या, जिनं कधी कोणाच्या ताटाला हात लावला न्हाई. तिनं सारलं. मंग मी कोणाचं नाव घेऊ?"

प्रकाश उठून बाहेर गेला. त्याचा राग मला समजत होता. सरांचं म्हणणंही समजत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं समजावं, हे मात्र समजत नव्हतं.

सरांनी अर्ज केला. तहसील कचेरीत, पुढं जिल्ह्याला. वस्तीला मागं उभं केलं जातं, विहीर सगळ्यांची असताना दोन रांगा केल्या जातात, एवढंच लिहिलं. अर्जाची दखलही घेतली गेली, हे खरं. साहेब जीप घेऊन आले, पारावर बसले, त्या पोरांना सर्वांदेखत झापलं. आणि निकाल दिला की यापुढं वस्तीला वेगळा टँकर येईल, वस्तीत सिमेंटची टाकी बांधली जाईल. भांडणच नको. गाव खूश झालं. वस्तीही खूश झाली. बांधाशी उभं राहणं संपलं, हे काही लहान नव्हतं.

टाकी बांधून झाली त्या दिवशी मी सरांना भेटायला गेलो. ते दारात बसून टाकीकडं बघत होते. गवंडी शेवटचा हात फिरवत होता.

"मी एक रांग मागायला गेल्तो, मोरे सर," ते म्हणाले. "त्यांनी दोन टँकर देले."

नंतर काय झालं ते सांगण्यासारखं फारसं नाही, कारण ते एकदम झालंच नाही. प्रकाश जालन्याला सळयांच्या कारखान्यात लागला. तुकारामचा बोअर आटला, तोही गाव सोडून गेला. विलासच्या बोअरमधून आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. त्यानं शेजारी दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग एका उन्हाळ्यात आरामशीनवाले आले आणि मोसंबीची वाळलेली झाडं ट्रकमध्ये भरून घेऊन गेले. विलास बायको-मुलांना घेऊन औरंगाबादला गेला, वाळूजच्या एका कंपनीच्या फाटकावर पहारेकरी झाला. जिजाकाकूंनी जायला नकार दिला. शाळेत माझ्या वर्गातले बाक एकेक करून भिंतीला लावून ठेवावे लागले.

त्या दिवसांत एकदा सर आणि मी दुपारचे गावातून चाललो होतो. घरांना कुलपं. कुलपांवर धूळ. सर एकेका दाराशी थांबत. "ह्याला विचारा, म्हणंल पोरीच्या शाळेसाठी गेलो. हा म्हणंल, भावाशी पटत नव्हतं. ही दोघं म्हणतील, तिकडं पगार बरा हाये. सगळे खरंच सांगतील. पण पाणी सरलं म्हणून गेलो, असं एकबी जण म्हणणार न्हाई. उद्या कोणी हिशेब लावायला बसला तर त्याला वाटंल, झरवाडी काय, अशीच रिकामी झाली."

मी म्हटलं, "सर, तुम्ही तर हे सगळं आधीच सांगत होतात."

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी राग बघितला नव्हता, तो त्या दिवशी बघितला. "असं म्हणू नका," ते म्हणाले. "फिजूल बोलू नका असं. मी काय ते खरं व्हावं म्हणून सांगत होतो का?"

पुढच्या वर्षी त्यांची मुलगी येऊन त्यांना अंबडला घेऊन गेली. जावई तिथल्या कोर्टात कारकून. सर नको नको म्हणत होते, पण वस्तीत त्यांना भाकरी करून घालणारं कुणी उरलं नव्हतं. ते गेले त्या दिवशी जिजाकाकू काठी टेकत वस्तीपर्यंत आल्या होत्या. दोघंही म्हातारी माणसं टाकीच्या सावलीत थोडा वेळ उभी राहिली. काय बोलली ते ऐकू आलं नाही.

मग एक पावसाळा असा आला की लोक चकित झाले. वेळेवर आला, बेतानं आला, राहून राहून आला. ओढा दोन्ही काठ धरून वाहू लागला. विहिरीला वरपर्यंत पाणी चढलं, वाकून हातानं घ्यावं इतकं. मला राहवेना. रविवारी एस.टी. धरली आणि अंबडला गेलो. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो की सरांना कसं सांगायचं.

ते मुलीच्या घरी ओट्यावर बसले होते. बारीक झाले होते, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. मी सगळं सांगितलं. ओढ्याचा आवाज शाळेपर्यंत येतो म्हणून, विहिरीच्या काठावर बेडूक बसतात म्हणून. ते ऐकत राहिले. मान हलवली. मग म्हणाले, "कोण कोण परत आलं?"

मी गडबडलो. आठवून आठवून दोन नावं सांगितली. एक सोनारांच्या घरातला म्हातारा, त्याला मुलानं तिकडं ठेवून घेतलं नाही. दुसरी एक बाई, नवरा गेल्यावर आलेली.

"अन् इलास?"

"नाही, सर. मुलं तिकडच्या शाळेत आहेत ना आता."

"प्रकाश?"

"नाही."

त्यांनी आणखी काही नावं घेतली. वस्तीतली, गावातली, कोष्ट्यांच्या घरातली, मला विसरायला झालेली. प्रत्येक नावाला मी नाही म्हणत गेलो. एकेक नाव घेताना ते बोटाचं पेर धरत नव्हते, मोजत नव्हते, नुसते समोर बघत होते, जसं दारात उभं राहून कुणी मुलांना जेवायला हाक मारावी. शेवटी थांबले. मुलीनं चहा आणला. म्हणाले, "पाऊस चांगला झाला हे बरं झालं," आणि ते माझी समजूत काढण्यासाठी म्हणाले, हे मला कळलं.

स्टँडवर ते मला सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. जालन्याची गाडी लागली होती. मी आत जागा धरली तेव्हा ते खिडकीखाली आले आणि गज धरून म्हणाले, "जिजावहिनीला सांगा, दिवाळीला येतो म्हणून. कोणीतरी येणार हाये, एवढं कळू द्या तिला."

निरोप मी पोचवला. जिजाकाकूंनी समोरची खोली सारवून घेतली, खाट काढून ठेवली. दिवाळीच्या आधी दसऱ्याच्या सुमारास अंबडहून फोन आला की सर गेले. मी जाऊन काकूंना सांगितलं. खाट मात्र त्यांनी पुढं कितीतरी दिवस आत घेतली नाही.

माझ्या डोळ्यासमोर ते राहिलेत ते त्या खिडकीतून दिसले तसे. गाडीत चढायला गर्दी उसळली होती. माणसं पिशव्या पुढं करत, कोपरं मारत दाराकडं घुसत होती. माझी खिडकी दाराला लागूनच होती, त्यामुळं सर दाराच्या वाटेतच उभे होते. त्यांना एक धक्का बसला, दुसरा बसला. ते कुणाला काही म्हणाले नाहीत. एक पाऊल मागं सरले, मग आणखी एक, आणि मागच्या भिंतीला पाठ टेकवून, हात अंगाशी घेऊन, सगळ्यांना जागा करून देत उभे राहिले.